पंचमीची ओहोटी

आमच्या व्याह्यांइतका चिखलावर जीव असलेला माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये दुसरा झाला नाही, हे मी कुठेही सांगतो. त्यापुढचं सांगायचं मात्र वर्षानुवर्षं टाळलं. आता तेही नाहीत आणि माझंही फार उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. वसईच्या खाडीकाठी पिढ्यानपिढ्या भातशेती केलेलं घर. लेकीला भेटायला विरारच्या फुलपाड्यात आमच्याकडे आले की चहाच्या आधी बाल्कनीत जाऊन वारा हुंगायचे आणि समोरच्या इमारतींकडे बघून, "इथल्या पोरांना पानी नळात जन्मतं वाटत असंल," म्हणून हळहळायचे. हळहळून थांबणारे ते नव्हते. दर रविवारी आमच्या सोसायटीतली मुलं ते खाडीवर न्यायला लागले, आणि नुसती मुलं नव्हे, आईबापांसकट. एकटं पोर नेत नसत. "पोराला चिखल आवडतो. भीती आयबापाला. शिकवायचं त्यांना," हे त्यांचं शिक्षणशास्त्र. खाडीवर पोचलं की चपला काठावर आणि मोबाइल त्यांच्या मासळीच्या पिशवीत. फोनला आठवडाभर बोंबलाचा वास यायचा. चिखलात पाय ठेवताना किंचाळणाऱ्या एका बँक मॅनेजरला त्यांनी त्याच्याच चिमुरडीचा हात धरायला लावला होता. निवटे, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते डोळे वटारलेले मासे, त्यांच्यासमोर सगळ्यांना उकिडवं बसवत आणि बजावत, "बोलायचं नाय. आपुन त्यांच्या घरी आलोय." मुलं गप्प बसत. बापांना पुन्हा सांगावं लागे.

भरती-ओहोटीसाठी त्यांना तिथी तेवढी लागे. ती कळली की बोटांची पेरं मोजून पाणी कधी चढणार, कधी उतरणार ते सांगत, आणि ते चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते आमच्याकडे राहिले होते. मुलीच्या सासरी राहायचं म्हणून इतके संकोचून, की प्यायला पाणीसुद्धा मागत नसत. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी काळा चष्मा लावून रविवारी निघालेच. मला म्हणाले, "व्याही, तेवढी तिथी बगा हो." मी दाढी अर्धी टाकून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारीख पाहिली आणि तिथूनच ओरडलो, पंचमी. त्यांनी पेरं मोजली. त्या हिशेबाने पाणी अजून उतरायचं होतं, मंडळी निवांत गेली.

पाणी चढत होतं. सगळे निवट्यांसमोर मौन धरून बसलेले असताना, येताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओहळ मागच्या मागे भरला. इजा कुणालाच झाली नाही. बापांनी कमरेएवढ्या पाण्यातून पोरं खांद्यावर आणली, चपला वाहून गेल्या. पण सोसायटीची मीटिंग बसली.

मी सेक्रेटरी. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळीच मला उलगडा झाला होता. पानामागची पाककृती हवी म्हणून आमच्या हिने मागच्या वर्षीचं कॅलेंडर नव्यावर अडकवलं होतं. मी तारीख वाचली, वार पाहिला नाही. त्या दिवशी पंचमी नव्हतीच, प्रतिपदा होती.

कुणीतरी विचारलं, काकांना पाणी कळतं म्हणता, मग हे कसं झालं? व्याही उठले. माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. "तिथी माजीच चुकली," म्हणाले. आणि मी तोंड उघडलं ते एवढंच म्हणायला, "वय झालं आता त्यांचं."

सहली बंद झाल्या. पुढे लिफ्टमध्ये मुलं विचारायची, आजोबा, खाडीवर कधी? ते म्हणायचे, "डोळं बरं होऊ दे." डोळे केव्हाच बरे झाले होते.

त्या दिवसाची तिथी त्यांनी नंतर मोजली नसेल, हे शक्यच नाही. लेकीच्या सासऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लागू नये, एवढंच त्यांनी पाहिलं. मी सांगायला म्हणून त्यांच्या गावी कितीदा गेलो, आणि दर वेळी वांगी, केळी घेऊन परतलो. शेवटच्या दुखण्यात उशाशी बसलो होतो. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "पोर आमची नीट वागते ना?" मी म्हटलं, हो. त्यापुढचं वाक्य घरून जुळवून नेलं होतं: व्याही, तिथी मी चुकीची सांगितली, मला माफ करा. तेवढ्यात सून औषध घेऊन आत आली, आणि मी उठून तिला जागा दिली.