वाऱ्याविरुद्धचा गहू

पंग काका रंगाची सुरी पँटच्या उजव्या मांडीलाच पुसायचे. नूडल्स उकिडवे बसून खायचे, सोबत कच्च्या लसणाच्या पाकळ्या. चहा काचेच्या बरणीत, तीच पानं संध्याकाळपर्यंत. मुलीचा आवाजी निरोप आला की दोनदा ऐकायचे, हात धुऊन तिसऱ्यांदा. ओल्या चित्रासमोर कधी शिंकले नाहीत, गल्लीत पळायचे.

त्यांना जाऊन आज अकरा दिवस झाले. त्या दिवशी सकाळी हृदय थांबलं. डॉक्टर एवढंच म्हणाले.

साहित्याची पदवी घेऊन मला नोकरी मिळाली नाही, म्हणून दाफेनमध्ये, जिथे गल्लोगल्ली प्रसिद्ध चित्रांच्या नकला रंगवून विकतात, त्यांच्याकडे ते काम शिकायला बसले. पहिलंच चित्र नांगरलेल्या शेताचं होतं. आधी टर्पेंटाइन घालून पातळ रंग. तो वाळला की वर जाड थर, सुरीने. ढेकूळ हाताला ढेकळासारखं लागलं पाहिजे.

"पदवीधरबाई, जमीन करताय की भिंतीला गिलावा?"

"मूळ चित्रात असंच दिसतंय, काका."

"मग सुरी आडवी धर. आणि एकदा लावला की पुन्हा हात लावू नकोस. चिवडलास की चिखल."

त्यांची मुलगी सुइसुइ दूर हनान प्रांतात, गावी आजीकडे असते. काकांकडे शहराचा रहिवासी दाखला नव्हता, त्यामुळे तिला इथल्या वरच्या शाळेत घेत नव्हते. गेल्या वर्षी इथे नकलेची स्पर्धा झाली. समोर ठेवलेलं चित्र चार तासांत जसंच्या तसं उतरवायचं. पहिल्या दहांना दाखला. वय पन्नासच्या आत. काकांना अठ्ठेचाळीस पूर्ण झाली होती.

चित्र गव्हाच्या शेताचं होतं. कडेची झाडं वाऱ्याने उजवीकडे वाकलेली, गहू मात्र डावीकडे. काका चित्र संपवून सगळ्यांच्या आधी उठले. निकालात सतरावे आले. शेरा होता: गव्हाचा कल मूळ चित्राप्रमाणे नाही.

"वीस वर्षं लोकांची चित्रं डोळे मिटून उतरवलीस," काकू म्हणाल्या, "आणि नेमकी त्याच दिवशी अक्कल चालवलीस?"

"अक्कल नाही गं. हातानेच केलं. वारा एकीकडे आणि गहू भलतीकडे, असं मी जन्मात पाहिलेलं नाही."

त्यांनी मुलीला फोन लावला.

"यंदा नाही, बाळा. पुढच्या वर्षी."

"पण बाबा, चूक तर त्या चित्रातच होती ना?"

"परीक्षक शहरातले आहेत. त्यांनी कुठे गहू कापलाय."

काकू हसल्या. मग मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या.

पुढची स्पर्धा काकांसाठी शेवटची होती. त्यांनी त्या चित्राची छापील प्रत आणली आणि ऑर्डरची कामं उरकली की रोज तोच गहू काढायला बसू लागले.

"तेच चित्र पुन्हा थोडंच येणार आहे, काका?"

"नाही येणार. हाताला गप्प बसायला शिकवतोय."

हात ऐकत नव्हता. वरच्या ओळी बरोबर डावीकडे जायच्या. खाली येता येता ओंब्या हळूच झाडांसारख्या उजवीकडे वळायच्या. काका ओला रंग खरवडून पुन्हा लावायचे. शेवटी मला मागे उभं केलं.

"वळायला लागला की सांग. भीड धरू नकोस."

मी सांगायचे, "काका, वळला." ते शिवी द्यायचे. मला नाही, गव्हाला.

स्पर्धेला तीन आठवडे होते. त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेले. माझं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

सुइसुइ आली होती, परत गेली. काकूंनी खोली आवरली. लाकडी घोडीवर लावलेलं ते गव्हाचं चित्र मात्र त्यांनी हलवलं नाही.

दोन तृतीयांश शेत अगदी मूळ चित्रासारखं आहे. गहू वाऱ्याविरुद्ध, एकही ओंबी चुकलेली नाही. त्याखाली सातआठ ओंब्या उजवीकडे वळल्या आहेत. त्या ओल्या असतानाच खरवडायच्या होत्या. आता वर साय धरली आहे. त्यांच्या खालच्या तीन ओळींत नुसता पातळ रंग आहे, गहू लावायचा राहिला आहे.