मुठीतला प्रोसेसर

भूकंपानंतर मी स्लॅबखाली बसत नाही. ही बाब माझ्या घरात सर्वमान्य असून तिच्यावर चर्चा होत नाही. लातुरात घर बांधले, तेव्हा पुढची एकच खोली स्लॅबची केली, ती मुलीच्या अभ्यासासाठी. मी स्वतः मागच्या पत्र्याच्या शेडात झोपतो आणि तिथेच बसून लोकांचे अर्ज लिहितो. मुलीच्या खोलीतल्या फळीवर स्टीलचे ग्लास एकावर एक, उपडा-सुलटा असे रचलेले आहेत. जमीन हलली की माणसाच्या आधी ते पडून आवाज करतात. धक्के येत राहिले त्या काळात आमच्या भागात घरोघरी अशी रचना असे. पुढे इतरांनी ती काढली. मी काढली नाही.

मुलीची वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा तोंडावर आली असता तिचा लॅपटॉप बंद पडला. तिच्या क्लासचे रेकॉर्ड केलेले सगळे तास त्यात होते, आणि क्लासवाल्यांनी घातलेल्या कुलपामुळे ते दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडत नव्हते. मी क्लासच्या कचेरीत सविस्तर निवेदन दिले. त्याची पोच मिळाली. तास मिळाले नाहीत. मुलगी रडली नाही, पण जेवणाचे ताट तसेच परत गेले. माझी स्वतःची दहावी भूकंपात मोडली. शाळेत मदतीच्या धान्याची पोती लागली, मी भरपाईचे अर्ज लिहू लागलो, आणि वर्गात परत गेलो नाही. या घरात पुन्हा कोणाचे शिक्षण अर्धे राहू नये, हा माझा निर्धार होता.

माझा मेहुणा नांदेडला संगणक दुरुस्त करतो. फोनवर लक्षणे ऐकून, तसल्याच एका मोडीत निघालेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर डबीत घालून तो एसटीने आला. त्याने आपल्या बहिणीच्या हातचा चहा घेतला, लॅपटॉप उलटा करून खोलला आणि मान हलवली.

"दाजी, पंख्यात धुळीची गोधडी झाली हाय. एरवी प्रोसेसर असा जळत न्हाई. लई सोसलं बिचाऱ्यानं."

"शेडात बसून काम करा," मी सुचवले.

"तिथं वारं हाय. पिनांत कचरा गेला तर अर्ज कुणाकडं करायचा? या आत. स्लॅब काय तुम्हाला वळखून पडत न्हाई."

मुलगी कितीतरी वेळाने हसली. मी उंबरठा ओलांडला.

त्याने तांब्याची नळी आणि पंखा सोडवला, एक बारीक स्क्रू अर्धा फिरवला, आणि जळका प्रोसेसर अलगद उचलला. पंखा झाडायला दोन्ही हात लागतात म्हणून आणलेला प्रोसेसर त्याने माझ्या तळहातावर ठेवला. बिस्किटाएवढा चौकोन, खाली केसासारख्या पिनांची रांगच रांग.

"कडेनं धरा, दाजी. पिनांना बोट लावू नका."

"मी आयुष्यभर स्टॅम्पपेपर हाताळले आहेत," मी म्हणालो.

तेवढ्यात ग्लास पडले.

खिडक्या थरथरल्या, पायाखालची फरशी गुरगुरली. पुढचे मला आठवते ते अंगणातले. एका हातात मुलीचे मनगट, दुसऱ्याची मूठ घट्ट, आणि खिडकीतून मेहुणा ओरडत होता, "अहो दाजी! भूकंप न्हाई, शेजारी बोअरची गाडी लागली! हातातलं कुठं हाय?"

मी मूठ उघडली. तळव्यावर टोचल्याच्या लाल खुणा होत्या. एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झाल्या होत्या.

"दुसरा आहे का?" मी विचारले.

"ह्योच सापडला होता." आता तो थट्टा करत नव्हता. "वाकलेली सरळ करता येती. सरळ करताना हात हलला की तुटती. एक तुटली की समदं संपलं."

मुलीने आपली खटक्याची पेन्सिल आणली, आतले शिसे काढून टाकले आणि नुसती पोकळ नळी मामाच्या हाती दिली. तो एकेक पिन नळीत घेऊन उभी करू लागला. ती मोबाइलचा उजेड धरून राहिली. बोअरची गाडी थांबेना. टेबल कापत होते.

"दाजी, टेबल धरा. पुरं वजन टाका."

मी दोन्ही हात टेबलावर रोवले. डोक्यावर स्लॅब, तळव्यांत जमिनीची थरथर. माझे पाय दाराकडे ओढत होते. मी मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिचे डोळे पिनांवर होते.

त्याने खुणेचा कोपरा जुळवून प्रोसेसर ठेवला. बसला नाही. मी दाबायला बोट पुढे केले, तोच तो खेकसला, "दाबायचा न्हाई! आपसूक बसतो!" पुन्हा उचलला, पुन्हा एक पिन, पुन्हा ठेवला. या खेपेस तो टाचणी मेणात शिरावी तसा खाली गेला. स्क्रू अर्धा फिरला. उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लागली, पंखा बसला.

बटण दाबल्यावर पंखा फिरला. पडदा बराच वेळ काळा राहिला, मग उजळला.

"आता क्लासचं कुलूप," मेहुणा पुटपुटला. "ते डिस्क बघून उघडत असंल तर बरं. प्रोसेसर बघत असंल तर माझा इलाज न्हाई."

मुलीने पासवर्ड टाकला. क्षणभराने तिच्या सरांचा आवाज खोलीत भरला, अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यापासून. तिने लगेच हेडफोन कानांवर चढवले आणि वही ओढली.

बोअरची गाडी थांबल्यावर मी ग्लास गोळा करून फळीवर रचले, आणि मग लक्षात आले की कान झाकलेल्या मुलीला ते ऐकू येणार नाहीत. शेडातून मी माझी खुर्ची आणि लिहायची फळी आत आणली.

"दाजी, स्लॅबखाली?" मेहुण्याने विचारले.

"परीक्षेपर्यंत," मी म्हणालो, आणि ग्लासांच्या खाली खुर्ची मांडली.