सुतकातलं हसू

सासूबाई जाऊन आठवडाही झाला नव्हता. मुलुंडच्या आमच्या घरी भेटायला येणारे सकाळ-संध्याकाळ येत. दुपारी घर मोकळं असे. नवरा दिवसकार्याचं सामान आणायला गेला होता. मी आतल्या खोलीत चटईवर बसले, कानात इअरफोन घातले आणि फोनवर हॉलिवूडचा जुना नाच-गाण्यांचा सिनेमा लावला.

हे वेड मला पन्नाशीत लागलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी नोकरी सोडली होती. दुपारी त्यांचा डोळा लागला की शेजारच्या खोलीत मी हे सिनेमे बघायचे. त्यातला माणूस बोलता बोलता चालू लागतो, चालता चालता नाचू लागतो, आणि नाच नेमका कुठे सुरू झाला ते कळतच नाही. कॅमेरा उगाच चेहऱ्याला जाऊन चिकटत नाही, माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खा दिसतो. हाताला लागेल ते, खुर्ची म्हणा, टोपी म्हणा, त्याच्याबरोबर नाचतं. गोष्टी बाळबोध, शेवट आधीच कळलेला. मी स्वतः वरातीतसुद्धा कधी नाचले नाही. पण शरीर म्हणजे फक्त पुसायची, कूस बदलून द्यायची, उचलून बसवायची वस्तू नव्हे, हे तेवढा वेळ तरी पटायचं.

त्या दुपारी पडद्यावरचा नाचणारा सोफ्यावरून धपकन पडला आणि पडल्या पडल्या तालातच उठला. मी खळखळून हसले. पाय जमिनीवर ताल धरत होते. मान वर केली तर दारात नणंद उभी. बोरिवलीहून आमच्यासाठी पिठलं-भाताचा डबा घेऊन आलेली.

“दार नुसतं लोटलेलं होतं,” ती म्हणाली. तिची नजर माझ्या पायांवर होती.

“ताई, मी जरा…”

“चहा टाकते,” म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तेराव्याला एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सुनेनं लेकीसारखं केलं हो!” नणंद तिथेच पानं वाढत होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. नंतर किती तरी दिवस सिनेमा लावला नाही. ताईचा फोन आला की नवऱ्याच्या हातात द्यायचे.

काही महिन्यांनी ती आईच्या साड्या बघायला आली. कपाट उघडल्यावर माझ्याच्याने राहवेना.

“ताई, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं असेल…”

“वाईट वाटलं ना! खोटं कशाला बोलू? माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि तू हसत होतीस.” ती साडीची घडी उलगडून पुन्हा घालत राहिली. “पण आई मला फोनवर सांगायची, दुपारी मी झोपेचं सोंग घेते गं. म्हणजे ती जाऊन तिचं ते इंग्रजी नाच-गाणं बघते. हसते एकटीच. हसू दे.”

त्या जाग्या होत्या. तहान लागली असेल, कूस बदलायची असेल, आणि मी भिंतीपलीकडे हसत होते. हौसेचा जो तास मी लपवून घेतेय असं समजत होते, तो त्या मला देत होत्या.

“रडू नकोस,” ताई म्हणाली. “लाव बघू एक. काय असतं त्यात ते तरी कळू दे मला.”

मी टीव्हीवर लावला. सुरुवातीला मला पडद्याकडे बघवेना. ताई मात्र विचारत राहिली, ही याची बायको का, तो कशाला रुसला, आणि मी खाली मान घालून एकेक सांगत गेले.