इंजिनाखालचा खड्डा

छबुबाईच्या विहिरीचं पाणी सारी वस्ती पीत होती. सिरसाळ्याहून माजलगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचं रान आणि बांधापलीकडे अमरसिंहाचा पेट्रोल पंप. एका सकाळी घागर वर आली ती डिझेलचा वास घेऊनच.

दर उन्हाळ्यात गाळ काढायला उपसतात तशी विहीर उपसायची, असं वस्तीनं ठरवलं. मोटारी लावून तळ उघडा केला. बायांनी कपारी खराट्यानं घासल्या. कामात खोट काढायला जागा नव्हती. पण पाणी पुन्हा भरलं, तेव्हा वरचा तवंग आधीपेक्षा जाड होता.

अमरसिंहाला तेवढं पुरलं. विहीर धुऊनही तेल येतंय, म्हणजे ते छबुबाईच्या जुन्या इंजिनाचंच, असं त्यानं पारावर सांगितलं. लाइट गेली की ती विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवी आणि ते गळतं हे साऱ्यांना ठाऊक होतं. माना हलल्या. शेजारच्या धनश्रीचं लेकरू तेच पाणी पिऊन ओकाऱ्यांनी निपचित पडलं होतं. ती छबुबाईला पाहून वाट बदलू लागली. हे छबुबाईला अमरसिंहाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग अमरसिंह गोड झाला. विहीर बुजवू, मावशीच्या दारात नळ आणून देऊ, म्हणाला. मुरमाचा टिप्पर बांधावर येऊन उभा राहिला. छबुबाई विहिरीच्या काठावर जाऊन बसली.

"विहीर बुजली की माजं इंजन जलमभर चोर," ती म्हणाली. "टाका मुरूम. पयला माज्यावर टाका."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. टिप्पर भरलेलाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी ती बीडला गेली आणि भूजलाच्या कचेरीत, कुणी विचारीपर्यंत, जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मग त्या कचेरीतल्या प्रियदर्शनी मॅडम वस्तीवर आल्या. वयानं लहान, पण कामाला पक्क्या. पाणी बाटल्यांत भरून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की उपसा केला तिथंच चुकलं. रिकामी विहीर चहूबाजूंनी पाणी ओढते, त्याबरोबर डिझेलही ओढलं गेलं. ते कुठून आलं, हे मातीच सांगेल. पंपाच्या आवारात खणायला अमरसिंहानं नकार दिला. वरून हुकूम यायला वेळ लागणार होता. तोवर बांधाच्या अलीकडं, छबुबाईच्या रानात खड्डे घेऊ, असं मॅडम म्हणाल्या.

मजूर मिळेना. कुणी जायचं नाही, असं अमरसिंहानं बजावलं होतं. आला तो एकटा खाजामियाँ. वडवणीच्या बाजारात त्याचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं आणि छबुबाईचं इंजिन वर्षानुवर्षं त्याच्याच हातचं होतं. पहिला खड्डा कुठं घ्यायचा म्हणून मॅडमनी विचारलं, तेव्हा छबुबाईनं इंजिनाकडं बोट केलं. खाजामियाँनं तिला बाजूला घेतलं.

"आक्का, तितं तेल निगनारच. इंजन गळतं. मला इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाई."

"कावून बोलावं? जितं माज्यावर बोट हाय, तितंच आदी खांदायचं."

दोघांनी इंजिन सरकवलं. कुदळ तिनंच धरली. कुदळ खांद्यानं मारली की माणूस घटकाभरात बसतो. ती कमरेतून पडली पाहिजे. तिची तशीच पडत होती. पहिल्याच घावाला तेलकट काळी माती निघाली. बांधावर गर्दी होती. त्यातून अमरसिंह म्हणाला, "घ्या. सापडला चोर."

ती थांबली नाही. वीतभर खाली तेल संपलं. पुढं स्वच्छ काळी माती, मग पिवळा मुरूम. मॅडमनी थराथराची माती बाटलीत घालून पाण्यात हलवली. वरची तेवढी तेलकट, बाकीच्या बाटल्यांत तवंग नाही. खड्डा कमरेइतका झाला तरी तसंच.

मग पंपाच्या बांधालगत दुसरा. हा मुरूम पहारेलाही दाद देईना. खाजामियाँ दमला की ती, ती दमली की खाजामियाँ. हाताला फोड आले, ते फुटले. वरची माती स्वच्छ होती, खालचीही स्वच्छच. खड्डा छातीइतका खोल गेला तेव्हा ओल लागली आणि डिझेलचा असा भपकारा आला की तिचे डोळे वाहू लागले. मॅडमनी तिला हात देऊन ताबडतोब वर ओढलं. मुरूम काळानिळा पडला होता. बाटलीत तवंग चढला.

"वरून सांडलं की आधी वरचं खराब होतं," मॅडम गर्दीकडं वळून म्हणाल्या. "हे जमिनीखालून आलंय. पंपाकडून."

अमरसिंह तोवर गाडीत जाऊन बसला होता.

पुढं हुकूम आला, जमिनीखालची टाकी तपासली गेली. ती फुटकी निघाली. पंपाला सील लागलं. पण विहिरीचं पाणी प्यायला कधी होईल, हे मॅडमनाही सांगता आलं नाही. वस्ती टँकरवर आली. त्या पाण्यावर जळालेली छबुबाईची मेथी गेली ती गेलीच.

अमरसिंहानं निरोप धाडला, की झालं ते झालं, आता खड्डे तरी बुजवा, ढोरं पडतील.

छबुबाईनं बाभळीच्या फांद्या तोडायला घेतल्या. धनश्री आली, दुसरी कुऱ्हाड उचलून तोडू लागली. दोघींनी दोन्ही खड्ड्यांना काट्यांचं दाट कुंपण घातलं. ढोरं आत जाणार नाहीत, पण रस्त्यानं जाणाऱ्याला वास येईल, असं.

"पानी नितळ होऊ द्या," छबुबाईनं निरोप्याला सांगितलं. "त्याच दिवशी बुजवते. तवर मालकाला म्हनावं, इतून जाताना काच खाली घेत जा."