संपाच्या दिवशी फ्लॉरेन्स ते बोलोन्या

मुलीने फोनवर तारीख सांगितली आणि त्याच संध्याकाळी मी कपाटातून पासपोर्ट काढले. ऋतुजा दोन वर्षांपूर्वी पुढच्या शिक्षणासाठी इटलीत बोलोन्याला गेली. तिथे शेवटचा प्रबंध परीक्षकांसमोर उभं राहून मांडावा लागतो, घरच्या माणसांना त्याच खोलीत बसता येतं आणि निकालही लगेच सांगतात. "बाबा येतील ना?" एवढंच तिने विचारलं.

या प्रश्नाला कारण होतं. माझा नवरा, दत्तात्रय, चिंचवडच्या एका कंपनीत गिअर शॉपला होता. ऋतुजाच्या शाळेचं गॅदरिंग असो, वक्तृत्व स्पर्धा असो की पदवीदान, नेमकी तेव्हा यांची सेकंड शिफ्ट, नाहीतर ओव्हरटाइम. मुलगी समोर उभी राहून बोलते आहे आणि वडील ऐकत बसले आहेत, असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. आता दोघंही निवृत्त. जायचंच आहे तर रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स करत बोलोन्या गाठायचं आणि पुढे व्हेनिस बघून मिलानहून परत, असं मी ठरवलं.

टूर कंपनीच्या मागे झेंडा बघत फिरणं मला जमणार नव्हतं. भोसरीत एका कंपनीच्या डिस्पॅचला माझी नोकरी झाली. माल कुठून, कशाने आणि किती वेळात जाईल हे बघण्यातच आयुष्य गेलं. त्यामुळे इटलीच्या गाड्यांचा अभ्यास मी निगडीत घरी बसूनच केला, आणि खरं सांगते, मजा आली.

तिथे मुख्यतः तीन प्रकारच्या गाड्या असतात. पहिली अतिवेगवान. दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच मार्गावर धावतात, त्यामुळे भाड्यात चढाओढ असते. रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास. आधी काढलं तर वीस-पंचवीस युरोत, आयत्या वेळी गेलात तर त्याच खुर्चीला दुपटीहून जास्त. पण स्वस्त तिकीट त्या गाडीला बांधलेलं. गाडी चुकली की पैसे गेले. दुसरी इंटरसिटी, वेगाने आणि भाड्याने मधली. तिसरी 'रेजोनाले', म्हणजे आपली पॅसेंजर. तिचं भाडं महिनाभर आधी काढा नाहीतर स्टेशनवर जाऊन काढा, तेच. रोम ते फ्लॉरेन्सला मात्र जवळजवळ चार तास घेते. मी लांबच्या टप्प्यांना वेगवान आणि जवळच्यांना रेजोनाले असा हिशेब बसवला. इथले आकडे आमच्या वेळचे आहेत, तुम्ही निघाल तेव्हा स्वतः तपासा.

रोमला उतरलो आणि पहिल्याच सकाळी कळलं की कॉफी उभ्याने प्यायची. टेबलाशी बसलात की तीच कॉफी दुपटीने महाग. शाकाहारी माणसाचे हाल होतात असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. अजिबात होत नाहीत. बटाट्याचे काप घातलेला पिझ्झा वजनावर कापून देतात, त्यात दोघांचं जेवण होतं. मेतकुटाची पुडी मी न उघडता परत आणली.

नेपल्सला एका दिवसात जाऊन आलो. जाताना इंटरसिटीने दोन तास, खिडकीला समुद्र. येताना वेगवान गाडीने तासाभरात रोम, पण दिसलं काहीच नाही. घाई नसेल तर जाताना आम्ही केलं तसंच करा.

रोम ते फ्लॉरेन्सची गाडी मात्र मी जन्मभर विसरणार नाही. डब्यातल्या पडद्यावर वेगाचा आकडा अडीचशेला टेकला. दत्तात्रयांनी पाण्याचा कप छोट्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत बसले.

"पाण्याला थरथर नाही," ते म्हणाले. "काय बेअरिंग असतील."

बाहेर सूर्यफुलांची शेतं सरकत होती. मी म्हटलं, खिडकीबाहेर बघा, कप निगडीतही आहेत. ते म्हणाले, शेतं पण आहेत. समोरच्या सीटवरच्या इटालियन आजीबाई काहीही न कळता हसायला लागल्या आणि त्यांनी आम्हाला दोन पीच दिले.

फ्लॉरेन्सला एका बाईंच्या घरी भाड्याच्या खोलीत दोन दिवस राहिलो. तिथून रेजोनालेने तासाभरात पिसा करता येतं. इथे एक महत्त्वाचं. रेजोनालेचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. विसरलात तर तिकीट असूनही दंड. माझ्यासमोर एका धडधाकट तरुणाला तो भरावा लागला, आणि त्याची बायको त्याला जे काही बोलली ते भाषा न येताही मला पूर्ण समजलं.

पिसाहून परतलो तर घरमालकीणबाईंनी विचारलं, उद्या कसे जाणार? उद्या रेल्वेचा संप आहे. ऋतुजाचा प्रबंध उद्याच, अकरा वाजता.

आमचं तिकीट सकाळी साडेआठच्या वेगवान गाडीचं होतं, चाळीस मिनिटांत बोलोन्या. ती गाडी रद्द झाली होती. संपामुळे रद्द झालेल्या गाडीचे पैसे परत मिळतात, तो प्रश्न नव्हता. ऋतुजाला फोन केला. तिने सांगितलं, घाबरू नका, संपाच्या दिवशीही सकाळी सहा ते नऊ ठरलेल्या रेजोनाले सुटतात. प्रातोला गाडी बदला. दोन तास लागतील, दहा-बारा युरो माणशी. मी लगेच स्टेशनवर जाऊन तिकिटं काढली.

 सकाळी बॅगा घेऊन स्टेशनवर आलो, तिकिटांवर शिक्के मारले, गाडी समोर उभी. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे बघितलं तर हे फलाटावर बॅगेला टेकून उभे.

"तू जा," ते म्हणाले. "मी संपाच्या दिवशी चालवलेल्या गाडीत बसणार नाही."

आधी मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेहरा तसा नव्हता. हा माणूस युनियनच्या कमिटीवर होता. आमच्या लग्नानंतर त्यांच्या कंपनीत मोठा संप झाला तेव्हा दीड महिना गेटसमोर मांडवात बसला होता. मागच्या गेटने आत गेलेल्या माणसांशी ते आजही बोलत नाहीत. भाजी मंडईत समोर आले तर रस्ता बदलतात.

मी विचारलं, मुलीला काय सांगू?

"सांग, बाप संप फोडून आला नाही."

"त्याचं तिला काही करायचं नाही. तिला बाप समोर बसलेला हवाय."

"सुनंदा, हे लोक पगार सोडून घरी बसलेत. आणि मी त्यांच्याच गाडीतून मिरवत जाऊ?"

मी कडक बाई आहे, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. पण इथे कडकपणा चालणार नव्हता. त्यांना ओढून बसवलं असतं तर ते बोलोन्यात मान खाली घालून बसले असते. त्यांना सोडून मी एकटी गेले असते तर ऋतुजाने दारातच माझ्या मागे बापाला शोधलं असतं.

तेवढ्यात गार्डबाई आल्या. पिकलेले केस, गळ्यात शिट्टी. चढता की नाही, असं त्यांनी हातानेच विचारलं. दत्तात्रय मला म्हणाले, "यांना विचार, संप सोडून कामावर का आल्या?" असला प्रश्न मी एरवी कुणाला विचारला नसता. पण गाडी सुटायला आली होती. फोनवर भाषांतर करून बाईंसमोर धरलं.

त्यांनी वाचलं. मला वाटलं, चिडणार. त्या हसल्या आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी पण संपावर. नऊ वाजता." मग फोनमध्ये भराभर बोलल्या. मराठीत उमटलं ते असं: लोकांना कामावर आणि दवाखान्यात जाता यावं म्हणून सकाळचे आणि संध्याकाळचे काही तास गाड्या चालतात. हे संघटनांशी ठरलेलं आहे. बाकीचा दिवस आम्ही बंद.

दत्तात्रयांनी ते दोनदा वाचलं. "युनियननं मान्य केलंय?" मी तेही टाइप केलं.

"सी, सी," बाईंनी होकाराची मान हलवली आणि शिट्टी तोंडाला लावली.

दोन्ही बॅगा यांनी एकट्याने उचलल्या आणि माझ्या आधी चढले.

तो प्रवास म्हणजे सगळ्या सहलीतला सर्वात सुंदर भाग. वेगवान गाडी फ्लॉरेन्स सोडते आणि बोगद्यात शिरते, बोलोन्यापर्यंत अंधारच. आमची जुनी वाट प्रातोवरून डोंगरात चढली. दोन डोंगरांमध्ये दरी, तळाशी नदी, प्रत्येक छोट्या स्टेशनवर कुंड्यांत फुलं. कामगार चढत होते, उतरत होते, कुणाच्या हातात डबा, कुणी पेंगलेलं. दत्तात्रय प्रत्येकाकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "आपली फर्स्ट शिफ्टची बस." मी मान हलवली.

बोलोन्याला दहाच्या आत पोचलो. स्टेशनपासून विद्यापीठापर्यंत कमानींखालून चालत जाता येतं, ऊन लागत नाही, टॅक्सी करू नका. ऋतुजा दारात उभी होती. तिने आधी मला नाही, यांना बघितलं. यांनी शर्टाची कॉलर सरळ केली आणि आत जाऊन पहिल्या रांगेत मधोमध बसले.

मुलगी इंग्रजीत बोलली, गिअरबॉक्सच्या कंपनांवर. परीक्षकांनी प्रश्न विचारले, तिने एकही टाळला नाही. निकाल सांगताना सगळे उभे राहिले, आम्हीही राहिलो. मग मैत्रिणींनी तिच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढवला. तिथली ती पद्धतच आहे. नवऱ्याचे डोळे भरले होते. मी रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं.

व्हेनिसला तिघं गेलो. बोलोन्याहून वेगवान गाडी दीड तास घेते आणि रेजोनाले दोन. अर्ध्या तासासाठी जास्त पैसे मोजू नका. तिथून मिलान मात्र वेगवान गाडीनेच करा, अडीच तासांत पोचवते.

परत आल्यापासून शेजारणी मला विचारतात, सगळ्यात काय आवडलं? मी सांगते, डोंगरातली पॅसेंजर. त्यांना वाटतं मी काटकसर करते.

दत्तात्रयांची सभा घराजवळ, प्राधिकरणातल्या बागेत भरते. सगळे जुने कामगार. मी भाजी घेऊन परतताना तिथे थांबले तर इटलीच्या संपावरून वाद रंगात आला होता. तासाला सुरू, तासाला बंद, असला कसला संप, असं एक म्हणत होता. आपल्याकडे तशी सोय असती तर माणसांचे हाल वाचले असते, असं दुसरा. कंपनीच्या त्या संपात यांच्या शेजारी मांडवात बसणारे निघोज्याचे किसनराव नुसते ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "दत्ता, तुजी ती गार्डबाई काय बी सांगू दे. संपाच्या दिवशी तू गाडीत बसला. ह्ये मी न्हाई इसरायचो."

 मला वाटलं, आता हे तावातावाने नियम समजावून सांगतील.

"नको विसरू," दत्तात्रय म्हणाले. "पण माझी पोरगी उभी राहून बोलली, तेव्हा मी पुढ्यात बसलो होतो. हेही विसरू नको."

किसनरावांनी चपलेने माती उकरली. मग बाकावर जरा सरकले आणि शेजारची जागा थोपटली.

"बस हितं. आन् काय बोलली पोरगी, त्ये पयल्यापासनं सांग."