भिंतीत किती खोल

आमचे दाजी रंगारी. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवणारे. गच्चीवरून दोर सोडायचा, कमरेला पट्टा करकचून आवळायचा आणि फळीवर बसून एकेक मजला उतरत यायचं. मी शिंपी. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. म्हणून ताईच्या लग्नापासून ते मला भित्री भागूबाई म्हणत आले, आणि मी त्यांना कोळी म्हणत आलो.

दाजींच्या टोळीत एक जुनी थट्टा होती. अंगावर जो रंग उडतो तोच लघवीतून बाहेर पडतो, असं म्हणत ते नवख्यांना घाबरवायचे. पण रोज बोललेल्या थट्टेवर माणसाचा हळूहळू विश्वासच बसतो. जिन्यांच्या लोखंडी कठड्यांना रेड ऑक्साइड मारायचं काम चालू असताना दाजींची लघवी लाल झाली. हे घाबरले? छे! टोळीत मिरवले. दुखतखुपत काही नव्हतं. मग कठड्यांचं काम संपलं आणि पांढऱ्याचं सुरू झालं, तरी लघवी लालच. तेव्हा कुठे त्यांचे धाबे दणाणले. तरीही तोंडातून चकार शब्द नाही. ताईला कळलं ते संडासातलं लाल पाणी बघून, आणि मग तिनं त्यांची अशी खरडपट्टी काढली की शेजारच्यांनी दार वाजवलं. मला अजूनही त्यांचा राग येतो.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. मूत्राशयात गाठ होती.

“कॅन्सरच दिसतोय,” ते म्हणाले. “आता एमआरआय काढू. गाठ आतल्या अस्तरापुरतीच आहे की भिंतीच्या स्नायूत शिरलीय, ते बघायचंय. अस्तरापुरती असेल तर खरवडून काढू आणि आत औषध सोडत राहू. स्नायूत शिरली असेल तर बहुतेक मूत्राशयच काढावं लागेल. मग लघवीसाठी पोटावर बाहेरून पिशवी.”

अस्तर माझ्या धंद्यातलं, भिंत त्यांच्या. दोघांनाही नीट कळलं. ताईच्या डोक्यात एकच होतं, माणूस वाचला पाहिजे. दाजींच्या डोक्यात काय होतं ते मला घरी येताना समजलं.

“पोटावर पिशवी आली तर पट्टा कुठं बांधायचा रे?” ते म्हणाले.

एमआरआयच्या दिवशी तिथल्या बाईंनी त्यांना पाणी प्यायला लावलं. मूत्राशय थोडं भरलेलं हवं, म्हणजे भिंत नीट दिसते, असं त्या म्हणाल्या. इथे दाजींना घोटभर पाणी प्यायलं तरी पळावं लागत होतं. ते पाय आवळून येरझाऱ्या घालू लागले.

“अंगात कुठे धातू आहे का? स्क्रू, पट्टी, छर्रा?” बाईंनी विचारलं.

“धातू नाही बाई. नखात ऑइलपेंट आहे, तो काही निघत नाही.”

बाई हसल्या. दाजी हसले नाहीत.

ते आत गेले. दारापलीकडून ठकठक, घर्रघर्र असा आवाज येत राहिला. आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो आणि समोरच्या टीव्हीवर एक बाई केकवर फुलं काढत होती. असल्या जागी टीव्ही लावायचं कुणाला सुचतं, देव जाणे! ताईनं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती, पण मी हात काढून घेतला नाही. बाहेर आल्यावर दाजी आमच्याकडे न बघता आधी संडासाकडे धावले.

मग डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं पडद्यापुढे वाकलो.

“हे पांढरं दिसतंय ती लघवी,” डॉक्टर म्हणाले. “ही करडी गाठ. आणि भोवतीची काळी रेघ म्हणजे स्नायू.”

दाजींची नजर त्या रेघेवरून सावकाश फिरत गेली. मीही मागोमाग गेलो. गाठीपाशी येऊन रेघ पुसट झाली, मग दिसेनाशी झाली. पलीकडे पुन्हा सुरू झाली.

“इथं तुटलीय,” दाजी म्हणाले.

“हो. तुकडा काढून तपासू, पक्कं तेव्हाच सांगता येईल. पण मला स्नायूत शिरल्यासारखी वाटतेय. भिंतीच्या बाहेर गेलेली दिसत नाही, एवढं मात्र बरं आहे.”

“पिशवीवरून पट्टा बांधता येतो का हो?”

“कसला पट्टा?”

दोरावर लटकताना कमरेला आवळायचा तो, असं मी सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. “दोरावरचं काम आता विसरा.”

“मग मी करू काय? मला दुसरं येतं काय?” दाजी जवळजवळ ओरडलेच.

“अहो, भिंतीला खालचा भागही असतो,” ताई म्हणाली. “हात पोचेल तेवढी रंगवा. नाही रंगवलीत तरी चालेल. तुम्ही फक्त घरी या.”

दाजी तोंड झाकून ओक्साबोक्शी रडले. मलाही आवरलं नाही. पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांना पुन्हा सांगावी लागली, कारण पहिल्यांदा ती आमच्यापैकी कुणीच ऐकली नव्हती.