मोटारखान्याचा उंबरा

लढाईत सरकारनं लालासाहेबांची मोटार नेली. मागोमाग तिचा ड्रायव्हर जोतीराम लष्करात गेला आणि ब्रह्मदेशातून परतलाच नाही. फलटणच्या त्या बागायतदारांनी जोतीरामच्या विधवेला, साळूबाईला, बंगल्यामागचा रिकामा मोटारखाना दाखवला. "ऱ्हा इथं, दुसरी मोटार येईस्तवर."

साळूबाईला ते शेवटचे शब्द ऐकू आले, पण तिनं ते मनावर घेतले नाहीत.

तिनं जमीन शेणानं सारवली. वाळल्यावर सारवणाचे पापुद्रे सुटून आले; खाली मोटारीचं तेल मुरलं होतं. मग तिनं कुदळच घेतली. काळी माती उकरून बाहेर टाकली, पांढरी भरली, चोपून चोपून बसवली. तळहात सोलले, पण सारवण धरलं.

लढाई संपली. लालासाहेब गूळ घेऊन सांगलीच्या पेठेला गेले, तेव्हा तिनं याकूब गवंड्याला बोलावलं. मोटारीएवढी मोकळी बाजू बुजवून दार बसवायचं होतं.

"केवढं ठेवू गं?"

"डोईवर घागर घिऊन आत जाईन, एवढं."

"आन् मोटार आली तर?"

"मोटार पानी भरती व्हय, मामा?"

याकूब हसत विटा रचू लागला. दाराखाली बाभळीचा उंबरा बसला. पण विधवेच्या हातचं कुंकू उंबऱ्याला चालत नसे. साळूबाई सरळ लालासाहेबांच्या बायकोकडे, रंगूबाईंकडे गेली. "वैनीसाब, सवाष्णीचा हात पायजे."

रंगूबाई आल्या. नवी भिंत त्यांनी नीट पाहून घेतली आणि मग बोट भरून हळदकुंकू लावलं.

लालासाहेब परतले ते नवी मोटार घेऊनच. भिंत पाहून त्यांनी याकूबला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज चढला. "ही काय मस्ती? याकूब, उपट तो उंबरा!"

याकूब जागचा हलला नाही. साळूबाई दारात उभी राहिली.

"आवं मालक, उंबरा वैनीसाबांनी पुजलाय. काढायचा आसंल तर त्यांनाच बोलवा. त्यांच्याच हातानं निघू द्या."

लालासाहेबांनी बंगल्याकडे पाहिलं. रंगूबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत, बाहेरही आल्या नाहीत. बघायला जमलेल्या गड्यांपैकी कुणीतरी खोकलं.

"लय शानी झालीस तू," लालासाहेब म्हणाले.

"व्हावं लागलं, मालक."

नवी मोटार लिंबाखाली ताडपत्री घालून उभी राहिली. साळूबाईनं दार उघडंच ठेवून चूल पेटवली.